उपरण्यातला हात

कोंडीमामांचं नाव निघालं की माझं डोकं अजून तापतं. माणूस बदमाश असता तर चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. पण तो निघाला सोन्यासारखा, आणि तिथंच सगळं घोडं अडलं.

मी मुजीब. परंड्यात स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्याला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर मोबाइल लिहिलंय, पण लोक मिक्सर आणतात, इन्व्हर्टर आणतात, परवा एक बाई मुलाची चावीची गाडी घेऊन आली होती. मामांचं घर माझ्या दुकानाच्या मागच्याच गल्लीत, दुकानाच्या मागच्या दारासमोर. सकाळचा चहा झाला की ते यायचे, बाहेरच्या स्टुलावर बसायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या शेळीला, बैलाला, कधीकधी माणसालाही नावं ठेवायचे. सवय दुसरं काय! आख्खं आयुष्य गुरांच्या बाजारात गेलं. मामा हेडी, म्हणजे सौदा जुळवून देणारा मधला माणूस. परंडा, बार्शी, कुर्डुवाडी, जिथं बाजार तिथं मामा. पुढं घरोघर ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, मामांचे गुडघेही गेले, आणि ते माझ्या स्टुलावर येऊन टेकले.

लिलावाचा नाद त्यांना मीच लावला. नात राजनंदिनी धाराशिवला कॉलेजात गेली, तिला लॅपटॉप पाहिजे होता. मामा म्हणाले, "नवं नगं. नवं म्हंजे न तपासलेलं. म्हैस घ्यायची तर दोन वेताची घ्यावी, तिचे गुण-अवगुण कळल्याले असत्यात." मग मी त्यांना मोबाइलवर एक साइट दाखवली. बंद पडलेल्या कंपन्या, बदललेली ऑफिसं तिथं आपलं जुनं सामान लिलावात काढतात. आधी इसारा भरायचा, म्हणजे अनामत, मग बोली लावायची. मामांनी चष्मा पुसला, लॅपटॉपचा फोटो इकडून तिकडून बघितला आणि मला विचारलं, "ह्येचं दात कुठं बगायचं?"

मी पोट धरून हसलो. मग दाखवले दात. चार्जिंगचं भोक ढिलं झालंय का, मागच्या स्क्रूवर ओरखडे आहेत का, म्हणजे आधी कुणी उघडलंय का, बिजागरी कुरकुरते का, बॅटरी फुगलीय का. मामांनी त्यात आपलं घातलं. विकणाऱ्याला फोन लावून पहिला सवाल एकच, "का इकताय?" आणि मग गप बसायचे. "खोटं बोलणारा मानूस लई बोलतो बग," म्हणायचे. दुसरा नियम, वस्तू चालू करून तिचा व्हिडिओ पाठवायला लावायचा, आणि बाजूला त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरायला लावायचं. नाहीतर लोक गेल्या वर्षीचा व्हिडिओ पाठवून टोपी घालतात. तिसरा नियम, आपला आकडा घरून ठरवून निघायचं. ईर्षेला पेटून एक रुपया वर जायचं नाही.

साइटवर अशी सोय होती की आपला शेवटचा आकडा गुपचूप टाकून ठेवायचा. तो कुणाला दिसत नाही, गरज पडेल तसतशी साइटच आपल्या वतीनं बोली वाढवते. हे मी अर्धा तास समजावून सांगायची तयारी केली होती. मामा दोन मिनिटांत म्हणाले, "म्हंजे उपरण्याखालचा सौदा की!"

ज्यानं गुरांचा बाजार बघितला नाही त्याला सांगतो. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा उपरण्याखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. आणि त्या बाजाराचा एक कायदा आहे. एकाचा हात उपरण्यात असेल तर दुसऱ्यानं मधे हात घालायचा नाही. त्यानं हात काढला, सौदा फिसकटला, की मग तुमची पाळी. मधे घुसणाऱ्याला बाजारात कुणी पाणी विचारत नाही.

मामांनी हा कायदा मोबाइलमध्येही पाळायला घेतला. एखाद्या लॅपटॉपवर कुणाची बोली दिसली की मामा तो सोडून द्यायचे. "त्येचा हात हाय. दुसरं बगू."

"अहो मामा, हा लिलाव आहे! लिलावात सगळ्यांचे हात एकदमच असतात."

"असत्यात. माजा नसतो."

मी चिडवायचो, ते हसायचे. नुकसान काहीच होत नव्हतं. लॅपटॉप गेला तर पुढच्या आठवड्यात दहा यायचे. ज्याच्यावर अजून कुणाची नजर गेली नाही असा माल मामा हुडकायचे आणि सगळ्यात आधी आपला हात घालायचे. राजनंदिनीचा लॅपटॉप आला, माझ्या बहिणीला, आफरीनला, झेरॉक्सचा प्रिंटर आला, गल्लीत कुणाचा टीव्ही, कुणाचा इन्व्हर्टर. एकही वस्तू खोटी निघाली नाही. लोक मामांना विचारल्याशिवाय चार्जरसुद्धा घेईनात.

आता मामी. कडूबाई. या बाईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की स्टँडवरचा कंडक्टर गाडीचं नाव ओरडायचा थांबायचा. मला म्हणायची, "मुजीबा, तुजं दुकान हाय का उकिरडा रं? चुलीत घाल सगळं आनि दे पेटवून!" आणि वर डबा ठेवून जायची, त्यात शेंगाचटणी आणि भाकरी. रोज संध्याकाळी दिवे लागले की मामी ओट्यावर बसून बेंबळीला फोन लावायची, तिच्या थोरल्या बहिणीला, कमलबाईंना. कमलबाईंचे डोळे काचबिंदूनं गेलेले. फोन स्पीकरवर, आवाज माझ्या दुकानापर्यंत. "अक्का, आज म्या हिरवं लुगडं नेसलेय. त्ये मोरपिशी काठाचं गं. समोर मुजीब बसलाय, दाढी वाढलीय मेल्याची." असं सगळं सांगायची. आख्खं परंडा गाव ती त्या आंधळ्या बाईला रोज फोनवरून दाखवायची. कमलबाई तिकडून खदखदून हसायच्या. कान किटायचे माझे. आज वाटतं, किटले तर किटले, ऐकायचं होतं अजून.

मामीला मिश्रीची सवय. आवाज बसला, सर्दी म्हणून काढा घेतला, मग घास गिळेना. बार्शीला नेलं. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण घशातली आवाजाची पेटीच काढावी लागली. गळ्याला भोक ठेवलं, श्वास तिथून. मामी घरी आली ती ओठ हलवत आली. आवाज नाही.

आम्ही समजून घ्यायचो. बोटं दाखवायची, डोळे वटारायची, काहीच जमलं नाही तर कपाळावर हात मारून घ्यायची. पण कमलबाईंचं काय? त्यांना ना बोटं दिसणार, ना ओठ. एकदा मामी बेंबळीला जाऊन आली. कमलबाईंनी तिच्या गळ्यावरून हात फिरवला, त्या कळवळून रडल्या. पण त्यांचं वय झालेलं, आज सांगितलेलं उद्या आठवेना. चार दिवसांत सगळं विसरून गेल्या. संध्याकाळी पुन्हा फोन, आणि माझ्या दुकानापर्यंत तो आवाज.

"कडे, बोल की गं. अगं का बोलंना झालीस? रुसली व्हय माज्यावर?"

मामी हातातली बांगडी फोनवर वाजवायची. टक, टक. कमलबाई म्हणायच्या, "बांगड्या वाजिवती, पर तोंड उघडंना. काय चुकलं गं माजं?" मग मामा फोन घेऊन पहिल्यापासून समजावायचे. त्यावर कमलबाईंचं ठरलेलं, "पाव्हणं, तुमी मदी पडू नगा. आमच्या बहिणी-बहिणीचं हाय." रोज हेच. मामी फोन ठेवून कितीतरी वेळ भिंतीकडं बघत बसायची. एकेकदा मी मुद्दाम दुकानातला रेडिओ मोठा करायचो. ऐकवत नव्हतं.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी एका यंत्राचं सांगितलं. टॉर्चएवढं असतं. हनुवटीखाली गळ्याला दाबून धरायचं, बटण दाबलं की ते थरथरतं, आणि आपण ओठ हलवले की शब्द बाहेर पडतात. आवाज माणसाचा वाटत नाही, पण बोललेलं कळतं. फोनवरसुद्धा कळतं. यंत्र परदेशी, नव्याचा भाव ऐकून मामांनी नुसती टोपी नीट केली. मी म्हणालो, गल्लीत वर्गणी काढू. मामा माझ्यावर डाफरले, "म्या जन्मात नवं घेतलं न्हाय, आनि आता लोकांच्या पैशानं घिऊ? जुनं मिळंल. हुडकू."

हुडकलं. असली वस्तू लिलावात येते कुठं? लॅपटॉप पायलीला पन्नास, पण हे यंत्र महिने गेले तरी नाही. आणि एक दिवस आलं. पुण्याची एक फर्म बंद झालेल्या दवाखान्यांचं सामान काढत होती, त्यात हे एकच. मी ओरडतच मामांच्या घरी गेलो. मामीनं फोटो बघितला, गळ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून नुसती मान हलवत राहिली. मामांनी तिथल्या तिथं इसारा भरला. आकडाही ठरला, आणि तो चांगला भरभक्कम ठरला. मामीसाठी त्यांनी हात आखडता घेतला नव्हता, हे मी शपथेवर सांगीन.

तेव्हाच आकडा टाकून ठेवला असता तर! पण नाही. आधी दात बघायचे. मामांनी फर्मला फोन लावला, "का इकताय?" मग व्हिडिओ मागितला, चालू यंत्राचा, वर्तमानपत्र धरून. फर्मचा माणूस आज पाठवतो, उद्या पाठवतो करत राहिला. मी म्हणालो, "मामा, बोली टाकून ठेवा, व्हिडिओ येईल तेव्हा येईल."

"आनि बंद निगालं तर? तिच्या हातात बंद यंत्र दिऊ? तिला पुन्ना एकदा मुकी करू?"

कोळगावच्या एका पोरानं न बघता कॅमेरा घेतला होता, खोक्यात फरशीचा तुकडा निघाला होता. मामा चुकीचं काही बोलत नव्हते.

व्हिडिओ आला तो लिलावाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी. मामा-मामी दोघंही माझ्या दुकानातच होते. यंत्र घूं करून वाजत होतं, बाजूला त्याच दिवसाचा पेपर. बटणाच्या शेजारी चंद्रकोरीसारखा एक ओरखडा होता, बाकी वस्तू चोख. "चालू हाय गं!" मामा मामीला म्हणाले. एवढे खूश मी त्यांना नातीच्या बारशालाही बघितलं नव्हतं. त्यांनी बोलीचं पान उघडलं. आणि बोट मागं घेतलं.

त्यावर कुणाची तरी बोली होती. नावाच्या जागी दोन अक्षरं आणि फुल्या. आकडा तरी केवढा? मामांनी ठरवलेल्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हता.

"टाका मामा," मी म्हणालो.

"थांब. त्येचा हात हाय."

मला वाटलं गंमत करतायत. तोंडाकडं बघितलं तर गंमत नव्हती. "मामा, वेळ संपत आलाय. काटा पळतोय बघा वर."

"मुजीब, असलं यंत्र उगं कोन घेतंय रं? त्येच्या बी घरात कोनतरी मुकं झालं असंल. त्यो आदी आलाय. त्यानं हात काढला की म्या घालतो."

"अहो, हा हात निघत नसतो! वेळ संपली की सौदा मिटला!" मी जवळजवळ किंचाळलो. माझ्या फोनवरून बोली लावावी तर इसारा मामांच्या नावचा, माझी बोली साइट घेणार नाही. मी त्यांच्या हातातला फोन घ्यायला वाकलो. त्यांनी तो छातीशी धरला. म्हातारा, पण बैलाची वेसण धरलेला हात, सुटतोय कशाला!

आणि मामी. ती काउंटरच्या काचेवर बांगडी आपटत होती. टक टक टक टक. डोळे मोठे झालेले, ओठ भरभर हलत होते. काय म्हणत होती ते कळायला शब्द लागत नव्हते. त्या बाईला आवाज असता ना, तर आख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं बोलली असती आणि मामांनी निमूट बटण दाबलं असतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ते तिच्या आवाजाला असंच ऐकत आले होते. पण आवाजच नव्हता. मामा स्क्रीनकडं बघत म्हणाले, "व्हय, व्हय, थांब जरा. काढंल आता त्यो हात."

पान बदललं. लिलाव संपला होता.

मामांनी फोन काउंटरवर ठेवला. "गेलं," म्हणाले. मग सवयीनं म्हणाले, "दुसरं बगू." मामीनं पदर गळ्याशी घेतला आणि ती घराकडं निघून गेली. मी मामांना काय काय बोललो ते इथं सांगत नाही. वडीलधाऱ्या माणसाला बोलू नये ते सगळं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं.

दुसरं काही आलं नाही. संध्याकाळचा फोन रोज यायचा. "रुसली व्हय गं?" आणि बांगडी. टक, टक.

थंडीत कमलबाईंना ताप भरला. त्यांचा मुलगा सोमलिंग, त्याचा पहाटे फोन आला, मावशीला घेऊन या. मामा-मामी मिळेल त्या एसटीनं निघाले. बार्शीला गाडी बदलायची, धाराशिवला बदलायची, मग बेंबळी. पोचले तेव्हा कमलबाई गेल्या होत्या. सोमलिंग बिचारा साधा माणूस, मनात काही नसताना बोलून गेला, "मावशी, आई शेवटपतूर योकच म्हनत हुती बग. कडी माज्यावर रुसली ती रुसलीच."

मामांनी मला हे नंतर सांगितलं. म्हणाले, भोवती सगळ्या बाया आक्रोश करत होत्या आणि तुझी मामी तोंड उघडून रडत होती, पण आवाज येत नव्हता. सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते.

त्यानंतर महिना-दीड महिन्यानं मी दुसऱ्याच एका साइटवर पार्ट हुडकत होतो आणि माझा हात थांबला. तेच यंत्र. बटणाच्या शेजारी तीच चंद्रकोर. विकणारा मुंबईकडचा कुणी जुन्या मशिनींचा व्यापारी, लिलाव नाही, एकच भाव, आणि तो मूळ बोलीच्या कितीतरी पट. त्याच्या घरात कुणी मुकंबिकं नव्हतं. स्वस्तात उचलायचं आणि चढ्या भावानं विकायचं, एवढाच त्याचा धंदा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामांना सांगावं की नाही, कळेना. शेवटी फोन त्यांच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी तो ओरखडा बोटानं मोठा करून बघितला. खूप वेळ बघितला. "म्हंजे त्यो हेडी हुता," म्हणाले. "मुजीब, आयुष्यभर हेडीपन केलं रं म्या. आनि मला हेडी वळखू आला न्हाय."

मी पान बंद करायला हात घातला, त्यांनी तो धरला.

"घे."

"भाव पाडून मागू का? व्हिडिओ मागवू?"

"काय बी नगं. त्यो म्हनंल तेवढं दे."

जन्मभर दुसऱ्याच्या तोंडचा भाव न मानलेला माणूस हे बोलत होता. खुदा शपथ, मला त्यांची दयाही आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

पार्सल आलं. मी बॅटरी चार्ज केली, बटण तपासलं, स्पिरिटनं पुसून स्वच्छ केलं. मामी दुकानात आली, खुर्चीवर बसली. मी कुठं धरायचं ते दाखवलं. पहिल्यांदा नुसतं घूं झालं, ती दचकली. दुसऱ्यांदा जागा चुकली. मी तिचं मनगट जरा वर सरकवलं, हनुवटीच्या खाली, डावीकडं. मामा समोर स्टुलावर बसले होते, हात गुडघ्यांवर.

"बोल," मामा म्हणाले. "काय बी बोल. मला शिव्या दे, भाड्या म्हन, कायबी म्हन. माजी ना न्हाय."

मामीनं त्यांच्याकडं बघितलं. ओठ जुळवले, बटण दाबलं. पिठाच्या गिरणीसारखा एकसुरी आवाज, चढ नाही, उतार नाही, पण शब्द न् शब्द स्वच्छ कळला.

"अक्काला सांगा. म्या रुसले न्हवते."

"सांगतो," मामा म्हणाले, आणि त्यांनी उपरण्यानं तोंड झाकून घेतलं.